आईसाठी कमी खर्चात कॉम्प्युटर जोडायचाय, ग्राफिक्स कार्ड घ्यावं का?

नको. व्हिडिओ कॉल, यूट्यूब, बँकेची कामं आणि फोटो एवढंच असेल तर प्रोसेसरमधलं ग्राफिक्स (स्क्रीनवर चित्र दाखवणारा भाग) पुरतं. फक्त प्रोसेसर घेताना नाव नीट वाचा: इंटेलच्या ज्या मॉडेलच्या शेवटी 'एफ' असतो त्यात ग्राफिक्स नसतं, मग स्क्रीनवर काहीच दिसणार नाही. कोअर आय3 12100 किंवा एएमडी कंपनीचा रायझन 5 5600जी भरपूर झाला.

एसएसडीवर, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी येणाऱ्या वेगवान स्टोरेजवर, मात्र तडजोड करू नका. जुन्या हार्ड डिस्कवर विंडोज सुरू होईपर्यंत चहा होतो. 500 जीबीची एनव्हीएमई (एसएसडीचाच जास्त वेगवान प्रकार) घ्या. रॅम 8 जीबीवर चालेल, पण 16 असेल तर पुढची काही वर्षं निवांत. रॅमच्या 8-8 जीबीच्या दोन पट्ट्या लावल्या तर आतल्या ग्राफिक्सलाही वेग मिळतो. पॉवर सप्लाय बिननावाचा नको, आणि मदरबोर्डवर वाय-फाय आहे ना तेवढं बघा.

वाचलेले पैसे मॉनिटरवर घाला. 24 इंची, 1080पी (फुल एचडी). अक्षरं मोठी दिसतात आणि आईला खरा फरक तिथेच जाणवेल. वेबकॅम विसरू नका, डेस्कटॉपला तो वेगळाच घ्यावा लागतो.

सेकंड हँड घेणार असाल तर इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचं टाळा. विंडोज 11 त्यावर अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज 10चा नियमित सपोर्ट ऑक्टोबर 2025 मध्ये संपला.