कोडिंग न येणाऱ्या डिझायनरने वेबसाइटसाठी कोणतं सॉफ्टवेअर शिकावं?

तुमचा प्रश्न सरळ आहे: ग्राफिक डिझायनर आहात, कोड येत नाही, तर वेबफ्लो, फ्रेमर, विक्स आणि वर्डप्रेस-एलिमेंटर यांतलं काय शिकावं. पण खाली तुम्ही एक वाक्य जोडलंय, की तुमचा डेव्हलपर मित्र म्हणतो, 'कोड न शिकता साइट करणं म्हणजे क्लायंटची फसवणूक.' मी लिहायला बसले ती या वाक्यामुळे. हेच वाक्य जवळजवळ याच शब्दांत मी 2015 साली ऐकलंय, आणि तेव्हा मला उत्तर देता आलं नव्हतं.

वेबफ्लो शिका. कारण पुढे येईलच.

मी पेजमेकर-कोरल या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या काळातली. पुण्यात नारायण पेठेतल्या एका प्रेसमध्ये श्रीलिपी या युनिकोडपूर्वीच्या मराठी फाँटांत दिवाळी अंकांची पानं लावली, मग इनडिझाइनवर आले. 2012 मध्ये अॅडोबीचं म्यूझ हे वेबसाइट करायचं सॉफ्टवेअर बाजारात आलं, तेव्हा मला वाटलं हे माझ्यासाठीच केलंय. तीच मास्टर पेजं (सगळ्या पानांवर येणारं एकदाच मांडायची जागा), त्याच पॅराग्राफ स्टाइल्स (मजकुराचं एकदा ठरवलेलं रूप), मजकुराची चौकट ओढा आणि हवी तिथे ठेवा. कोडची एक ओळ दिसत नव्हती. वर्षभरात मी सहा-सात साइट्स केल्या आणि त्यातली एक होती मिरजेच्या एका तंबोरे करणाऱ्या कारागिराची. त्यांना सगळे चाचा म्हणतात, मीही तेच म्हणते.

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत गेला नसाल तर एकदा जाऊन या. माळ्यावर मंगळवेढ्याकडून आलेले वाळलेले भोपळे टांगलेले असतात, खाली लाकडाचा भुसा, आणि दाराशी उजेडात बसून कोणीतरी जवारी काढत, म्हणजे तारेचा आवाज खुलवत असतं. घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, कानस फिरवायची, तार छेडायची, पुन्हा एवढीशी कानस, मग तारेखाली सुती दोरा सरकवून आवाज उघडतोय का ते ऐकायचं. चाचा एका तंबोऱ्याच्या जवारीला अख्खी सकाळ देतात. मी फोटो काढायला दोन दिवस तिथे होते. साइट देखणी झाली होती, हे मी आजही छातीठोकपणे सांगते.

तेव्हाच्या म्यूझमध्ये डेस्कटॉप, टॅब्लेट आणि फोन यांची पानं वेगवेगळी करावी लागायची. तीन मांडण्या, म्हणजे तोच मजकूर तीनदा. एकाच पानाने पडद्याप्रमाणे आकार बदलायची सोय त्यात 2016 मध्ये आली. 2015 च्या गणपतीआधी चाचांनी भाव वाढवला. मोठा तंबोरा 18,000 चा 21,000 झाला. मी डेस्कटॉपच्या पानावर बदलला, टॅब्लेटच्या पानावर बदलला, साइट चढवली, झोपले. फोनचं पान राहिलं.

दोन आठवड्यांनी धारवाडहून एक गाणाऱ्या बाई आल्या. आधी फोनवर साइट पाहून, पैसे जमवून आलेल्या. दुकानात भाव ऐकला आणि त्यांनी फोन पुढे केला. चाचांनी पाहिलं, आणि त्याच भावाला तंबोरा दिला. मला नंतर फोन आला तोही तक्रारीचा नव्हता. "ताई, तुमच्या कॉम्प्युटरवर काय र्‍हायलंय का बघा वो. छापलेला भाव म्हणजे जबान झाली की आमची." मी 3,000 रुपये देऊ केले, त्यांनी घेतले नाहीत.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओत मी हे सांगितलं. आमच्याकडे एक प्रोग्रामर होता, कामात हुशार. सगळ्यांसमोर म्हणाला, "म्हणून म्हणतो, कोड येत नाही त्यांनी पोस्टरं करावीत. ही साइट नाही, साइटचं चित्र आहे. लोकांना फसवू नका." मी गप्प बसले. चूक माझी होती, त्यामुळे बोलायला तोंड नव्हतं.

आता उत्तर देते. चूक माझी होती, पण ती कोड न येण्याची नव्हती. एकच भाव मी तीन ठिकाणी लिहून ठेवला होता, हे चुकलं. हाताने एचटीएमएल (वेबपानाचा कोड) लिहिणारा माणूसही तीन फायलींत तीनदा भाव लिहील, तर एक दिवस त्याचंही एक पान राहीलच. भाव एका जागी ठेवावा आणि बाकी सगळीकडे तो तिथूनच यावा, ही अक्कल कोडची नाही, रचनेची आहे. आणि रचना हे आपलं काम आहे. मास्टर पेजवर फोलिओ (पान क्रमांक) एकदाच टाकायचा असतो हे मला विसाव्या वर्षापासून माहीत होतं. वेबवर तेच लागू होतं हे मला कोणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

तुमच्या मित्राला सांगा, सिंटॅक्स, म्हणजे कोड लिहायचे नियम, पाठ असणं आणि पान कसं बनतं हे कळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली नसली तरी चालतं. दुसरी नसेल तर कोणतंही सॉफ्टवेअर घ्या, तुम्ही तोंडावर पडाल.

म्हणून वेबफ्लो. 2013 मध्ये व्लाद आणि सर्गी माग्दालिन हे दोघे भाऊ आणि ब्रायंट चाऊ यांनी ते सुरू केलं, आणि त्यामागचा विचार मला पटतो: पान कशाचं बनतं ते ते लपवत नाही. चौकटीत चौकट, आतली जागा वेगळी, बाहेरची वेगळी, फ्लेक्स आणि ग्रिड या चौकटी मांडायच्या पद्धती, आणि क्लास. क्लास म्हणजे आपली पॅराग्राफ स्टाइलच, पण नावं विचार करून द्यायची. 'हेडिंग 2 कॉपी' अशी नावं ठेवलीत तर सहा महिन्यांनी स्वतःचीच फाइल उघडवत नाही. पहिले पंधरा-वीस दिवस चिडचिड होईल, कारण चौकट उचलून हवी तिथे सोडता येत नाही. ती का सोडता येत नाही हे ज्या दिवशी कळेल, त्या दिवशी तुम्हाला वेब कळायला लागलं असं समजा.

फ्रेमर जलद आहे. अॅमस्टरडॅमच्या कून बॉक आणि यॉर्न फान डाइक यांचं ते मुळात प्रोटोटाइपचं, म्हणजे नमुना करून बघायचं साधन होतं, 2022 पासून साइट प्रसिद्ध करण्यावर त्याचा भर आहे. फिग्मा या डिझाइनच्या साधनातून येणाऱ्याला तिथे घरी आल्यासारखं वाटतं. महोत्सवाची, नव्या पुस्तकाची, स्वतःच्या कामाची साइट दोन दिवसांत करायची असेल तर मीही तेच उघडते. पण केलेलं पान एचटीएमएल म्हणून बाहेर काढून दुसऱ्या सर्व्हरवर ठेवायची सोय त्यात नाही. विक्समध्येही नाही. विक्स दुकानदाराने स्वतः बसून साइट करण्यासाठी ठीक, डिझायनरने त्यात वर्ष घालवू नये.

बाहेर काढता येणं एवढं का धरून बसले तेही सांगते. 26 मार्च 2018 रोजी अॅडोबीने जाहीर केलं, की म्यूझमध्ये आता नवं काही येणार नाही आणि दोन वर्षांनी त्याचा सपोर्ट थांबेल. मुदत भरपूर दिली होती, ती मी वाया घालवली. 26 मार्च 2020 उजाडला तो लॉकडाऊनच्या दुसऱ्या दिवशी, आणि माझ्या सगळ्या जुन्या साइट्स अजून म्यूझच्याच होत्या. तरीही त्यातली एकही पडली नाही, कारण म्यूझ साधं एचटीएमएल बाहेर काढून द्यायचं आणि ते क्लायंटच्या स्वतःच्या होस्टिंगवर होतं. घरात अडकून पडलेल्या त्या दोन महिन्यांत मी वेबफ्लो शिकले आणि चाचांची साइट पहिल्यापासून बांधली. या वेळी 'वाद्यं' नावाचं एक कलेक्शन, म्हणजे नोंदींचा तक्ता केला. नाव, भाव, फोटो, लाकूड, तारा. भाव एकदाच. फोनवर, डेस्कटॉपवर, यादीत, आतल्या पानावर, सगळीकडे तिथूनच येतो.

नव्या साइटची लिंक पाठवली. वाटलं, आता सगळं नीट झालं. अर्ध्या तासात चाचांचा फोन. "ताई, वरची रेघ का तुटली वो?"

मी पाहिलं आणि हबकले. इंग्रजी मथळ्यांसाठी मी अक्षरं जरा दूर दूर ठेवणारा क्लास केला होता, कॅपिटल्स तशा छान दिसतात. मराठी पानालाही तोच लावला. 'तंबोरा' या शब्दाची शिरोरेषा प्रत्येक अक्षरापाशी तुटली होती. 'तं', मग फट, 'बो', मग फट, 'रा'. इतकी वर्षं देवनागरी लावणाऱ्या बाईला ते दिसलं नाही, आणि घोडीवर कानस घासणाऱ्या माणसाला पहिल्या नजरेत दिसलं. तुमच्या प्रोग्रामर मित्रालाही ते दिसलं नसतं, कारण कोडमध्ये काहीच चुकलेलं नव्हतं.

त्यामुळे मराठी साइट करणार असाल तर सॉफ्टवेअर निवडायच्या आधी त्यात हे करून बघा. मराठी मजकुराला अक्षरांमधलं अंतर शून्य ठेवा. ओळींमधली जागा इंग्रजीपेक्षा जास्त लागते. 'र्‍हस्व'चा ऱ्ह आणि 'कर्तृत्व'चा रफार वर-खाली कापला जात नाही ना, हे खऱ्या फोनवर पाहा. एकेक अक्षर उडत येणारी अॅनिमेशनं देवनागरीला लावू नका, ती जोडाक्षरं फोडतात आणि काना-मात्रा अक्षरापासून सुटतात. अॅनिमेशन हवंच असेल तर शब्दागणिक किंवा ओळीगणिक. साइटच्या सेटिंगमध्ये मराठीचा भाषा-कोड 'mr' टाका. नाहीतर बऱ्याच फाँटांत ल आणि श हिंदी वळणाचे येतात, कारण मराठी वळण फाँटमध्ये असलं तरी भाषा सांगितल्याशिवाय ते बाहेर येत नाही. फाँटसाठी 'एक टाइप' या फाँट करणाऱ्या गटाचे 'मुक्त' (Mukta) आणि 'बलू 2' (Baloo 2) मोफत आहेत आणि त्यांवर मनापासून काम झालंय. फक्त लागतील तेवढीच वजनं (जाड-बारीक रूपं) चढवा. देवनागरी फाँटात जोडाक्षरांची आणि मात्रांची शेकडो रूपं असतात, म्हणून फाइल रोमनपेक्षा बरीच जड होते आणि गावातल्या नेटवर मथळा उशिरा उमटतो. क्लायंटने जुना श्रीलिपीतला मजकूर दिला तर तो आधी युनिकोडमध्ये, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, बदलून घ्या आणि बदलल्यावर ओळ न् ओळ वाचा.

वर्डप्रेसचं राहिलं. 2003 पासून आहे, मुक्त आहे, होस्टिंग तुम्ही निवडता आणि त्याचं पॅनेल मराठीतही मिळतं. क्लायंटला रोज बातम्या, लेख टाकायचे असतील तर हेच घ्या, माझं वेबफ्लोचं कौतुक बाजूला ठेवा. एलिमेंटर हे पान डोळ्यांसमोर मांडायचं प्लगइन (वरून जोडायची सोय) त्यावर 2016 मध्ये आलं. काम होतं, पण प्लगइनवर प्लगइन चढवत गेलात तर साइट जड होते आणि अपडेट करताना दर वेळी धाकधूक. कमी प्लगइन, आधी बॅकअप, मग अपडेट.

वेबफ्लोतही सगळं सरळ नाही, हे मी आधीच सांगायला हवं होतं. कोड बाहेर काढायला पैशांचा प्लॅन लागतो. पानं बाहेर येतात, पण कलेक्शनमधला मजकूर त्यांच्याबरोबर येत नाही, तो सीएसव्ही, म्हणजे तक्त्याची साधी फाइल, म्हणून वेगळा काढावा लागतो, आणि फॉर्म बाहेर चालत नाहीत. मी चाचांची सीएसव्ही दर तीन महिन्यांनी काढून त्यांच्या नातवाला पाठवते. बिल डॉलरमध्ये येतं. ऑक्टोबर 2021 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कार्डावरून आपोआप पैसे कापले जाण्यासाठी आधी जादा मंजुरी द्यावी लागते, तेव्हा नूतनीकरणाची तारीख कॅलेंडरमध्ये लिहून ठेवा आणि कार्ड क्लायंटचंच लावा. डोमेनही क्लायंटच्याच नावावर घ्या. स्वतःच्या नावावर घेऊन वर्षाला पैसे मागणारे डिझायनर मी पाहिलेत. फसवणूक म्हणायचीच असेल तर मी त्याला म्हणेन.

लॉगिन, हिशेब, स्टॉक, आरक्षण असलं काही आलं की प्रोग्रामर बोलवा. तिथे तुमच्या मित्राचं म्हणणं पूर्ण बरोबर आहे, आणि मीही तसल्या कामाला हात लावत नाही. आमच्या त्या प्रोग्रामरशी नंतर मी अशी दोन कामं केली आणि दोन्ही चांगली झाली. 2015 चं ते वाक्य मात्र त्याने कधी मागे घेतलं नाही आणि मीही विषय काढला नाही.

2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. मी साइटवर ती ओळ टाकायला बसले, तर ती आधीच होती. नातवाने आदल्या रात्री लॅपटॉपवरून टाकली होती. मी फोनवर उघडून पाहिलं, रेघ अखंड होती, ल मराठी होता, फक्त 'मानांकन'वरचा एक अनुस्वार राहिला होता. तो मी दिला.