पहिली-दुसरीच्या वर्गात वाचन-लेखनाची सुरुवात बाराखडीपासून करावी की शब्दांपासून?

आपण डी.एल.एड. या शिक्षक-प्रशिक्षण पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला असून आंतरवासितेसाठी धुळे जिल्ह्यातील शाळेत जाणार आहात, तेथील मुले घरी अहिराणी बोलतात आणि सुरुवात बाराखडीने करावी की शब्दांनी, असे आपण विचारले आहे. जळगाव जिल्ह्यात अनेक वर्षे पहिली-दुसरीचे वर्ग सांभाळल्यावर माझे मत असे झाले आहे की, सुरुवात मुलाच्या बोलण्यापासून करावी. अक्षरांचा क्रम त्यानंतर ठरवता येतो.

आरंभीच्या दिवसांत मुलांना बोलते करावे आणि त्यांचेच एखादे वाक्य, एकही शब्द न बदलता, फळ्यावर लिहावे. एखादी मुलगी ‘मन्ही माय वावरमा गयी’ असे सांगेल, तर तेच वाक्य ठळक अक्षरांत लिहून, प्रत्येक शब्दाखाली बोट फिरवत आपण वाचावे आणि मग तिच्याकडून वाचून घ्यावे. तोंडून निघालेले बोलणे फळ्यावर टिकते व पुन्हा जसेच्या तसे म्हणता येते, ही लिपीची मूळ गोष्ट मुलाला यातून जितकी लवकर उमगते, तितकी बाराखडीच्या घोकंपट्टीतून उमगत नाही. (असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते, त्यांच्या ओव्या घरच्यांनी टिपून ठेवल्या म्हणून आपल्यापर्यंत आल्या. खानदेशात याहून वेगळा दाखला कशाला शोधायचा?) त्यानंतर त्या वाक्याखाली ‘माझी आई शेतात गेली’ असे लिहावे, पुस्तकातली भाषा कुठे वेगळी होते, हे मग मुलेच दाखवू लागतात. नंदुरबारकडे भिली, पावरी किंवा मावची बोलणाऱ्या मुलांसाठी तर याची गरज अधिकच असते, आणि आपल्याला ती बोली येत नसेल तर वरच्या वर्गातील मुलांना निःसंकोच दुभाषी करावे.

अक्षरे मात्र नेमाने शिकवावीच लागतात. म, क, न, ल, र एवढी अक्षरे आणि काना घेतला, तरी ‘मामा’, ‘नाक’, ‘रान’, ‘काका, काम करा’ असे वाचता येते, आणि आपण खरोखर वाचतो आहोत हा विश्वास मुलाला लवकर मिळतो. घ आणि ध, भ आणि म अशा दिसायला जवळच्या जोड्या एकाच आठवड्यात घेऊ नयेत. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लिहिली जाते आणि उच्चार मात्र नंतर होतो, म्हणून तिला काना व दुसऱ्या वेलांटीपेक्षा जास्त वेळ द्यावा.

वह्या तपासताना चुकांचे प्रकार वेगळे करणे, हे मला या कामातले सर्वांत मोलाचे कौशल्य वाटते. एका मुलाने ‘केळी’ऐवजी ‘केयी’ किंवा ‘डोळा’ऐवजी ‘डोया’ लिहिले, तर त्याने घरी ऐकलेला ध्वनी अचूक चिन्हांत उतरवला आहे. तेथे लाल फुली मारणे अन्यायाचे आहे, शाबासकी देऊन शेजारी पुस्तकातले रूप लिहून दाखवणे पुरेसे आहे. दुसऱ्याने ‘काम’ऐवजी ‘कम’ लिहिले, तर त्याला स्वराची लांबी ऐकू येत नाही किंवा ती कान्याशी जोडता येत नाही. त्याच्याकडून शब्द लांबवून म्हणवून घ्यावा, टाळ्यांनी तोडून घ्यावा आणि मगच पुन्हा लिहून घ्यावा. दोघांनाही तोच शब्द दहा वेळा लिहायला लावणे हा आपल्याकडचा रूढ उपाय पहिल्याला अनावश्यक असतो आणि दुसऱ्याला निरुपयोगी.

२०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत या पायाभूत वाचन-लेखन व अंकज्ञानाच्या केंद्रीय अभियानात दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० शब्द समजून वाचणे अपेक्षित आहे. शाळेत आपल्याला याची नोंद करावी लागेलच, पण घड्याळ लावण्यापूर्वी उतारा मुलाला नवा आहे ना, हे पाहावे. वर्गाने एका सुरात म्हटलेला धडा मूल पान न पाहताही धडाधड ‘वाचून’ दाखवते. तेच शब्द वेगळ्या क्रमाने मांडून दिलेले दोन-तीन वाक्यांचे कागद हाताशी ठेवावेत आणि वाचून झाल्यावर ‘कोण कुठे गेले?’ एवढे तरी विचारावे. उत्तर अहिराणीत आले तरी ते पूर्ण गुणांचे धरावे.