तारण ठेवायला माझ्याकडे काहीच नाही

प्रश्न : ताई, मी मूळची नगरकडची, माहेरचे सगळे प्रोटेस्टंट. लग्नानंतर गोव्यात आले, दिवाडी बेटावर राहते आणि पणजीत एका पतसंस्थेत सोनेतारणाच्या काउंटरला असते. दोन वर्षांपूर्वी बाबा गेले. त्याआधी आमचं भांडण झालेलं, मी शेवटपर्यंत बोललेच नाही त्यांच्याशी. आता रोज बायबल वाचते, दान पण करते, तरी वाटतं कमीच पडतंय. शेजारची कॅथलिक आंटी सायबाच्या, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरच्या, नोव्हेनाच्या प्रार्थनेला नऊ दिवस फेरीबोटीनं जुन्या गोव्याला जाते, तिला बघून तर जास्तच वाटतं. माझं तारण व्हायला अजून काय करू?

उत्तर : अहो, तुम्ही ऑफिसचा काउंटर देवळात घेऊन गेलाय, मला तरी असंच वाटतंय. पतसंस्थेत आधी दागिना ठेवायचा, त्याचं वजन, कस बघणार आणि मग त्या हिशेबानं पैसे, तसंच तुम्ही रोजचं वाचन, दान तराजूत टाकताय आणि काटा हलत नाही म्हणून रडताय. बायबलमधलं तारण म्हणजे तारून नेणं, तिथे आपल्याकडून काही ठेवून घेत नाहीत. बायबलमधल्या इफिसकरांच्या पत्रात (2:8-9) प्रेषित पौल सरळ सांगतो की तारण कृपेनं, विश्वासाच्या द्वारे, ते देवाचं दान आहे, कर्मांनी मिळालेलं नाही, म्हणजे कुणी बढाई मारायला नको.

तुमच्या दिवाडीच्या फेरीचंच बघा ना. चालत येणाऱ्याला तिकीट नाही. काठावर उभं राहून पाकीट चाचपत बसलं तर फेरी निघून जाणार, पाय मात्र आत टाकावा लागतो. विश्वास म्हणजे तो पाय टाकणं. आत गेल्यावर भीती वाटली तरी फेरी पलीकडे जातेच, तुमच्या धीरावर तिचं इंजिन चालत नाही! आज मन लागलं नाही, प्रार्थनेत झोप आली, म्हणून तारण गेलं असं नसतं.

येशूच्या शेजारी वधस्तंभावर असलेल्या त्या चोराला दान करायला, तीर्थाला जायला वेळच नव्हता, येशूला फक्त माझी आठवण ठेव म्हणाला आणि त्याच दिवशी सुखलोकाचं वचन मिळालं (लूक 23). मग काहीही करा, मोकळं रान? हा प्रश्न पौलाला पण आला होता, रोमकरांच्या सहाव्या अध्यायात तो साफ नाही म्हणतो. सत्कर्म हवीतच, पण ती तारणाचं फळ म्हणून येतात, किंमत म्हणून नाही.

आणि आंटीशी तुलना सोडा. कृपेवरून कॅथलिक-प्रोटेस्टंट जवळजवळ पाचशे वर्षं भांडले, पण 31 ऑक्टोबर 1999 ला जर्मनीतल्या ऑग्सबर्गमध्ये कॅथलिक आणि लुथरन (प्रोटेस्टंटांतला एक पंथ) चर्चनी मिळून सही केली, की देव आपल्याला स्वीकारतो ते आपल्या पुण्याईमुळे नाही, केवळ कृपेनं. आंटी कदाचित आभार मानायलाच जात असेल, एकदा विचारा तरी, सोबत जा हवं तर.

राहिलं बाबांचं. ते दुःख आहे, आणि अबोल्याची चूक पण झालीच, ती देवापुढे नाव घेऊन एकदा कबूल करा आणि मग रोज रोज तीच उकरू नका. भाऊ-बहीण कुणी असेल तर फोन लावा, बाबांबद्दल बोला, भांडण सोडून बाकीचं.