उमेदवार फौजेत नक्की काय होता, हे प्रचारात काढावं का?

प्रश्न असा आहे: ‘आमच्या बेळगाव भागात विधानसभेची तयारी करणारा एक जण स्वतःला माजी सैनिक म्हणवतो. विरोधक म्हणतात, तो बॉर्डरवर गेलाच नाही, नुसता स्टोअरमध्ये होता. प्रचारात अशी चर्चा करावी का, आणि खरं-खोटं कसं बघायचं?’

‘नुसता स्टोअरमध्ये’ हे वाचलं आणि राहवलं नाही. हा ‘नुसता’ आमच्या घरात 2015 पासून मुक्कामाला आहे.

आम्ही बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेकडचे, मार्कंडेय नदीच्या काठचे. भात, रताळी, बटाटे आणि फौज, यावर आमची गावं उभी आहेत. मराठा रेजिमेंटचं सेंटर बेळगावात, रेकॉर्ड ऑफिसही तिथंच, त्यामुळे कुठल्याही गल्लीत चार-पाच पेन्शनर सापडतात. माझे अप्पा 1979 साली भरती झाले आणि 2001 साली हवालदार होऊन पेन्शनीवर आले. ट्रेड, म्हणजे फौजेतलं ठरलेलं काम, कुक. पलटणीत लांगरी म्हणतात.

2015 च्या ग्रामपंचायतीला गल्लीतल्या पोरांनी अप्पांना उभं केलं. ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं, पॅनेलं असतात, आणि पॅनेलं म्हणजे भावकीच. फ्लेक्स करून आणायचं काम माझ्याकडं होतं. बेळगावातल्या प्रिंटवाल्यानं विचारलं, नावाच्या आधी काय टाकू? मी म्हटलं, ‘निवृत्त मेजर’ टाक. आमच्याकडं फौजेतून आलेल्या प्रत्येकाला मेजरच म्हणतात. शिपाई म्हणून घरी आलेल्यालाही चहाच्या टपरीवर ‘या मेजर, बसा’ होतं. बोलण्यात ते चालतं, कारण बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांनाही खरं माहीत असतं. पण फौजेत मेजर हा अधिकाऱ्याचा हुद्दा आहे आणि सहा बाय चारच्या फ्लेक्सवर छापलं की ते खोटं होतं. हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या पॅनेलचा प्रचार माझे सख्खे थोरले मामा करत होते. तेही फौजेतलेच, दुसऱ्या पलटणीतले, जीडी, म्हणजे रायफलवाले. तालमीसमोरच्या बैठकीत माइक हातात घेऊन म्हणाले, ‘मेजर कसला? लांगरी होता तो. पलटणीला डाळ वाढून आला. एक गोळी झाडली नाही.’ लोक हसले. आई बायकांच्यात पुढंच बसली होती. तिच्या भावानं तिच्या नवऱ्याला भर गावात हे ऐकवलं.

मामांच्या त्या बोलण्यात दोन वेगळ्या गोष्टी होत्या, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्या मधोमध आहे. ‘मेजर कसला?’ हे त्यांनी विचारलं ते बरोबरच होतं. आम्ही लावला तो हुद्दा अप्पांचा नव्हता आणि मतदाराला ते कळायलाच पाहिजे होतं. ‘लांगरी होता’ हा मात्र नुसता अपमान. पहिली गोष्ट विचारायची हिंमत कमी जणांत असते, दुसरी करायला सगळे तयार असतात. आणि दोन्ही एका दमात बोलल्या की खऱ्या प्रश्नाचं उत्तर कुणी मागत नाही, हसून सगळे घरी जातात.

अप्पा त्या रात्री काही बोलले नाहीत. सकाळी उठून बघतो तर कोयत्यानं दोर कापून त्यांनी स्वतःच फ्लेक्स खाली घेतला होता. मग माळ्यावरची ट्रंक काढायला लावली. काळी पत्र्याची, झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर, नाव आणि पलटण, कडेचा रंग उडून गंज आलेला. आत डांबराच्या गोळ्या, घडी घातलेला स्वेटर, आणि तळाला कॅन्टीनच्या पिशवीत गुंडाळलेलं डिस्चार्ज बुक, म्हणजे फौजेतून सुटताना मिळालेलं नोकरीच्या नोंदीचं पुस्तक. संध्याकाळी ते घेऊन तालमीसमोर गेले आणि माझ्या हातात दिलं. म्हणाले, ‘मोठ्यानं वाच. एकही ओळ सोडू नको.’

भरतीची तारीख वाचली, हुद्दा वाचला, फौजेतून सुटल्याचं कारण वाचलं, म्हणजे सेवेची मुदत पूर्ण. कॅरॅक्टरपुढं ‘एक्झेम्प्लरी’, म्हणजे आदर्श, होतं ते जरा जोरातच वाचलं. ट्रेडची ओळ मी गाळली होती. अप्पांनी हात धरला. ‘मागं जा. ते वाच.’ मी वाचलं, ‘कुक’. कुणी हसलं नाही.

मेडलांची ओळ आली तेव्हा आमच्याच पॅनेलमधला एक जण ओरडला, ‘बघा, सेना मेडल!’ अप्पांनी त्याला तिथंच थांबवलं. ‘सेना मेडल नव्हे, सैन्य सेवा मेडल. ते वेगळं, हे वेगळं.’ फरक मोठा आहे. सेना मेडल मुख्यतः शौर्यासाठी देतात. सैन्य सेवा मेडल ठराविक भागात ठराविक काळ नोकरी केली की मिळतं. बाकी नऊ वर्षांचं आणि वीस वर्षांचं लंबी सेवा मेडल, आणि स्वातंत्र्याच्या पन्नासाव्या वर्षाचं, जे 15 ऑगस्ट 1997 ला नोकरीत असलेल्या सगळ्यांना मिळालं. छातीवर पाच-सहा मेडलं असलेला फोटो प्रचारात दिसला की म्हणून दबून जायचं नाही. कुठलं कशाचं, ते विचारायचं.

शेवटी मामांकडं बघून अप्पा म्हणाले, ‘लढाईत एकही गोळी झाडली नाही. बावीस वर्षं पलटणीला जेवण दिलं.’ आणि खाली बसले. बाकी काही सांगितलं नाही, म्हणून मी सांगतो. अप्पा सियाचीनवर राहून आलेत. वर पाणी नसतं, बर्फ वितळवूनच पाणी करायचं, आणि त्यातच रॉकेलचा मोठा हिस्सा जातो. कुकरशिवाय भात शिजत नाही. अंडी, टोमॅटो दगडासारखे होतात. आणि एवढं करून जवान म्हणतो, नको, भूक नाही, कारण त्या उंचीवर भूकच मरते. न खाल्लेला माणूस तिथं चार दिवसांत ढासळतो. त्याच्या मागं लागून त्याला खायला घालणं हेही लांगऱ्याचंच काम. मामांची पलटणही कधी ना कधी वर गेली असेलच. त्यांना तिथं कुणी खायला घातलं?

अप्पा 23 मतांनी पडले. मामा अजून म्हणतात, ते बुक वाचलं नसतं तर निवडून आला असता. मला ते पटत नाही. आमच्याच गल्लीतली मतं फुटली होती. आणि वाचल्यामुळं पडले असतील तरी ते वाचायलाच हवं होतं.

आता तुमचा प्रश्न. चर्चा करावी का? करावी. जो फौजेच्या नावावर मत मागतो त्यानं फौजेचा हिशोब द्यावा. इथं तर जास्तच, कारण आमच्या भागात निवडणूक आधी भाषेवर लागते. 1996 ला बेळगाव लोकसभेला 456 उमेदवार उभे राहिले ते सीमाप्रश्नापायीच. अशा ठिकाणी ‘माजी सैनिक’ हा एकच शिक्का मराठी आणि कन्नड दोन्ही गल्ल्यांत चालतो. म्हणून तो ज्याला त्याला हवा असतो. पण विचारायचं ते एवढंच, की सांगतोय ते खरं आहे का. ट्रेड कुठला, गोळी झाडली का, हे विचारण्यात अर्थ नाही. स्टोअरवाला स्टोअरमध्ये होता असं सांगत असेल तर विषय तिथं संपला. त्यानं कमांडो होतो म्हणून सांगितलं असेल, तर धरा त्याला.

तपासायचं कसं? विधानसभा-लोकसभेच्या अर्जासोबत फॉर्म 26 चं शपथपत्र असतं. त्यात सैन्यसेवेचा वेगळा रकाना नाही, पण व्यवसाय आणि उत्पन्नाचं साधन लिहावं लागतं, तेव्हा पेन्शनर असेल तर पेन्शन तिथं दिसायला हवी. शपथपत्रात खोटं लिहिलं किंवा लपवलं तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 125अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. शौर्य पदक सांगत असेल तर सोपं आहे, ती नावं भारताच्या राजपत्रात छापून येतात. माहितीच्या अधिकाराच्या मागं लागू नका, दुसऱ्याची सर्व्हिस शीट खासगी माहिती म्हणून बहुधा नाकारतात. सगळ्यात सरळ म्हणजे भर बैठकीत, नीट आदरानं, ‘साहेब, डिस्चार्ज बुक दाखवाल का?’ म्हणून विचारायचं. खरा फौजी त्याचा राग धरत नाही.

उलट बाजूही आहे. नोकरीत असलेल्या जवानांचे फोटो कुठलाही पक्ष फ्लेक्सवर लावत असेल तर त्यालाही आडवं जा. निवडणूक आयोगानं डिसेंबर 2013 मध्ये आणि परत मार्च 2019 मध्ये पक्षांना तसं न करण्याबद्दल बजावलंय. आणि तुमचा कुणी भाचा-पुतण्या अजून नोकरीत असेल तर त्याला युनिफॉर्मवर प्रचारात उभं करू नका, त्याची नोकरी जाऊ शकते.

हे फक्त आपल्याकडंच होतं असं नाही. अमेरिकेत 2024 ला टिम वॉल्झ उपाध्यक्षपदाला उभे होते. 24 वर्षं नॅशनल गार्डमध्ये, म्हणजे तिकडच्या राखीव फौजेत, काढलेला माणूस. पण प्रचारात त्यांना निवृत्त ‘कमांड सार्जंट मेजर’ म्हटलं जायचं. तो हुद्दा त्यांनी सांभाळला होता, पण त्याचा अभ्यासक्रम पुरा न झाल्यानं निवृत्ती खालच्या हुद्द्यावर, ‘मास्टर सार्जंट’ म्हणून झाली होती. शेवटी प्रचाराच्या संकेतस्थळावरचे शब्द बदलावे लागले. मी ते वाचलं तेव्हा माझाच फ्लेक्स डोळ्यासमोर आला. त्यांच्याकडंही हुद्द्याचा प्रश्न रास्त होता, आणि त्याच्याआडून 24 वर्षांची नोकरीच पळपुटी ठरवायचा उद्योग रास्त नव्हता.

आपल्याकडं 2019 ला वाराणसीत तेज बहादूर यादव यांचा अर्ज बाद झाला. सीमा सुरक्षा दलातले जवान, 2017 मध्ये जेवण निकृष्ट मिळतं असा व्हिडिओ टाकला आणि त्याच वर्षी बडतर्फ झाले. बडतर्फी भ्रष्टाचार किंवा देशद्रोहासाठी नव्हती असा आयोगाचा दाखला अर्जाला जोडायला लागतो, तो नव्हता म्हणून अर्ज फेटाळला. अप्पांनी तो व्हिडिओ चारदा बघितला. म्हणाले, ‘करपलेली चपाती लांगऱ्याचा दोष. पातळ डाळ लांगऱ्याचा दोष नसतो, रेशन किती उतरलं ते बघावं लागतं.’ जेवण देणारा ‘नुसता’ असता तर त्या व्हिडिओनं देश हलला नसता.

आणि फौजी आहे म्हणून मत द्यावं, असं मी अजिबात म्हणत नाही. जनरल जे. जे. सिंग आमच्याच मराठा रेजिमेंटचे, लष्करप्रमुख झालेले. 2017 ला पटियाळ्यात कॅप्टन अमरिंदर सिंग यांच्यासमोर उभे राहिले आणि मोठ्या फरकानं हरले. समोरचाही फौजीच होता. लोकांनी दुसरं काहीतरी बघून मत दिलं, तसंच द्यायचं असतं. गटार, पाणी, शाळेतला मराठी मास्तर, सातबाराचे कन्नड कागद, यावर तुमच्या उमेदवाराचं म्हणणं काय, ते आधी विचारा.

मामा हे वाचणार नाहीत, पण त्यांचा मुलगा वाचतो. त्यानं त्यांना एवढंच सांगावं, की ‘मेजर’ची चूक माझी होती, मी ती गावात कबूल केली आहे, आणि आता ‘लांगरी’चं त्यांचं त्यांनी बघावं. आई अजून वाट बघते.

एक राहिलं. बुक दाखवत नाही म्हणून लगेच खोटा ठरवू नका. काहींचं पुरात, घर पडून, वाटणीत हरवलेलं असतं. रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करून त्या सैनिकाला स्वतःला दाखला मागता येतो, त्याला वेळ लागतो. पेन्शन नाही म्हणून फौजीच नव्हता असंही नसतं. पंधरा वर्षं भरायच्या आत घरी आलेले असतात, कोल्हापूरच्या टेरिटोरियल आर्मीत वर्षातले काही महिने जाणारेही असतात. तेव्हा तुमच्या त्या स्टोअरवाल्याला निवडणुकीच्या आदल्या आठवड्यात गाठू नका. आत्ताच विचारा, म्हणजे त्याला कागद काढायला सवड मिळेल.