‘भटक्या कुत्र्यांवर पोट भरतं का?’

कऱ्हाडहून एका आईंचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं: “मुलगी अकरावी सायन्सला आहे. रस्त्यावरची जखमी कुत्री-मांजरं घरी आणते, मोबाइलवर बघून त्यांना इंजेक्शनही देते. प्राण्यांच्या डॉक्टरांकडे 11 हजारांची उधारी झाली आहे. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत वहीत लिहीत बसते. पुण्यात गाण्याचा कार्यक्रम असला की तिकडे पळते. मागच्या वेळी तर साऊंडवाल्यांच्या केबल गुंडाळून दिल्या म्हणून त्यांनी तिला आत घेतलं. आता म्हणते, सायन्स सोडून आर्ट्सला जाते, म्हणजे तिन्हीला वेळ मिळेल. हे म्हणतात, होऊ दे तिच्या मनासारखं. पण भटक्या कुत्र्यांवर पोट भरतं का?”

ताई, करिअरचं नंतर बोलू. तुमच्या पत्रात मी आधी शोधलं ते रेबीजच्या लसीबद्दल काही लिहिलंय का. नाहीये. जी मुलगी रोज अनोळखी कुत्री हाताळते, तिने चावा बसायची वाट बघायची नसते. आगाऊ लस घेता येते: पहिल्या दिवशी एक डोस, मग 7व्या दिवशी, मग 21व्या किंवा 28व्या. त्यानंतरही कुत्रं चावलं तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि दवाखाना गाठायचाच. फक्त मग दोन डोसांत भागतं आणि जखमेत टोचायचं ते महागडं इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही. या आठवड्यातच तुमच्या डॉक्टरांशी बोला.

आणि ती इंजेक्शनं आजपासून बंद. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, 1984 प्रमाणे जनावरांवर उपचार करायचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकाचा. कायदा घटकाभर बाजूला ठेवला तरी, चुकीच्या मात्रेने एखादं पिल्लू दगावलं तर ते तिच्या मनातून वर्षानुवर्षं जाणार नाही.

आता सायन्स सोडण्याचं. लेखन, प्राणी आणि गाणं तिला एकाच मापाचे वाटतात, पण ते तसे नाहीत. लिहायला कुणाची परवानगी लागत नाही. विशीत लिहा, साठीत लिहा. मंचामागचं काम उमेदवारी करून शिकतात, तिथे बारावीची गुणपत्रिका कुणी मागत नाही. पशुवैद्यकाचं दार मात्र लवकर लागतं. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवं, वर ‘नीट’ची परीक्षा. आर्ट्सला गेली आणि बाविसाव्या वर्षी वाटलं की आपण प्राण्यांची डॉक्टर व्हायला हवं होतं, तर पुन्हा बारावीपासून सुरुवात. म्हणून माझं मत: एक वर्ष सायन्स सोडू नये. तिला डॉक्टर व्हायचंच आहे म्हणून नव्हे, तर व्हायचं की नाही हे तिला अजून ठाऊक नाही म्हणून.

ते ठाऊक करून घ्यायची सोय तुमच्या जिल्ह्यातच आहे. नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची जी पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, त्यांतलं एक शिरवळला. अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा, त्यात शेवटचं एक वर्ष इंटर्नशिप. पण तिच्या डोळ्यांसमोर जे आहे ते तिथे फार थोडं असतं. गाय, म्हैस, शेळी, कोंबडी, मांस तपासणी, शवविच्छेदन असं सगळं येतं. वाचणार नाही अशा जनावराला शांतपणे मरण देण्याचा निर्णयही कधीतरी घ्यावा लागतो. जिवापाड रेस्क्यू करणाऱ्या पोरांना हे शेवटचं फार जड जातं, मी पाहिलंय. मेच्या सुट्टीत तिला सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात पंधरा दिवस उभं राहू द्या, डॉक्टरांची परवानगी काढून. खांद्यापर्यंत हातमोजा चढवून म्हशीची गर्भतपासणी कशी करतात ते बघू दे. तरीही डोळे चमकत असतील तर फिजिक्सची शिकवणी लावा, कारण जागा थोड्या आणि चुरस मोठी.

आणि नाही चमकले, तर आर्ट्सला जायला हरकत नाही. प्राण्यांचं काम म्हणजे फक्त डॉक्टरकी नव्हे. प्राणी जन्म नियंत्रण नियम, 2023 प्रमाणे भटक्या कुत्र्यांचं निर्बीजीकरण आणि रेबीज लसीकरण ही स्थानिक संस्थांची जबाबदारी आहे. त्यात कुत्री पकडणारे, ऑपरेशननंतर सांभाळणारे, नोंदी ठेवणारे, सोसायट्यांमधली भांडणं सोडवणारे असे लोक लागतात. शिवाय कंपनी कायदा, 2013 मध्ये सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी समाजकार्यासाठी बाजूला काढायचा पैसा कशावर खर्च करता येतो त्या यादीत प्राणिकल्याण आहे. तो पैसा मागायला प्रस्ताव लिहावा लागतो, मिळाल्यावर अहवाल लिहावा लागतो. कुत्र्यांवर जीव टाकणारे पुष्कळ मिळतात, पण चार पानं स्वच्छ लिहून खाली हिशेब जुळवणारा मिळत नाही. तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे: कुत्र्यांवर नाही, पण त्या चार पानांवर पोट भरू शकतं. पगार मोठा नसतो, हेही सांगून ठेवतो.

गाण्याबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, पण पत्रातली मला सगळ्यात आवडलेली ओळ तीच. साऊंडवाले सहसा कुणाला केबलला हात लावू देत नाहीत. कोपर-अंगठ्याभोवती दोरीसारखी गुंडाळली की आत पीळ पडतो, तार तुटते, आणि ऐन कार्यक्रमात तानपुऱ्याऐवजी खरखर ऐकू येते. त्यांनी तिला गुंडाळू दिलं, म्हणजे तिने आधी कुठेतरी उभं राहून नीट बघितलं होतं. या धंद्यात पहिली दोन-तीन वर्षं खोकी उचलण्यात जातात, मग कुठे कलाकाराच्या मॉनिटरचं, म्हणजे त्याला मंचावर स्वतःचा आवाज ऐकू येतो त्या स्पीकरचं काम हाती येतं. पावसाळा जवळजवळ कोरडा जातो. गणपतीपासून उन्हाळा लागेपर्यंत झोप नाही. रात्री 10 नंतर उघड्यावर लाऊडस्पीकर बंद, हा 2000 सालचा नियम; एकेकाळी रात्रभर रंगणारा पुण्याचा सवाई गंधर्व संगीत महोत्सवसुद्धा त्यामुळे लवकर आटपू लागला. कानांना जपावं लागतं: 85 डेसिबल आठ तास चालतात, पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे 100 डेसिबलला पंधरा मिनिटं. तिला आत्ताच इअरप्लग घेऊन द्या.

एक अडचण मात्र तिच्या लक्षात आलेली नसणार. आपल्याकडे कुत्र्या बहुतेक पावसाळ्याच्या शेवटी फळतात, 63 दिवसांच्या आसपास वितात. म्हणजे पिल्लांचा, त्यांना होणाऱ्या पार्व्हो या जीवघेण्या रोगाचा मोसम आणि कार्यक्रमांचा मोसम एकच. डिसेंबरात दोन्हीकडे ती एकदम पुरी पडणार नाही. यातलं एक पोटाचं आणि एक हौसेचं, हे तिचं तिलाच ठरवावं लागेल.

लेखनाबद्दल मला काळजी नाही. मारुती चितमपल्ली वनखात्यात नोकरी करत राहिले आणि रानात पाहिलेलं लिहीत गेले. नोकरीने त्यांचं लेखन अडलं नाही. फक्त तिची वही तुम्ही चोरून वाचत असाल तर ते थांबवा.

उधारी तिने स्वतः फेडायची, महिन्याला ठरावीक रक्कम, वहीच्या मागच्या पानावर लिहून. फिटेपर्यंत नवं जनावर घरात नाही. दिसलं तर स्थानिक संस्थेला फोन.

शिरवळ पुण्याच्या वाटेवरच आहे. पुढच्या कार्यक्रमाला तिच्याबरोबर तुम्हीही निघा. दुपारी महाविद्यालय बघा, संध्याकाळी गाणं ऐका. त्या दिवशी घरच्या कुत्र्यांना जेवण घालायचं काम यजमानांकडे द्या. होऊ दे तिच्या मनासारखं, असं तेच म्हणाले होते ना?