लिफ्ट केलेल्या पिकअपला शॉकअप घेताना

भावा, गाडी 2 इंच उचललीस आणि शॉकअप कंपनीचेच ठेवलेस, हे आधी बदल. खड्ड्यात चाक खाली लोंबलं की ते पूर्ण ताणून बसतात आणि सगळा झटका शॉकअपच्या दांड्यावर, सीलवर येतो.

विकत घेण्याआधी टेप घेऊन बस. मागचा चासी जॅकने उचल, भक्कम स्टँड लाव, शॉकअप काढ आणि अॅक्सल हळूहळू खाली सोड. ब्रेकचा पाइप ताणला जातोय का ते बघत राहा. आता वरच्या-खालच्या बोल्टमधलं अंतर मोज. पूर्ण उघडलेला शॉकअप त्यापेक्षा थोडा लांब हवा. मग अॅक्सल बंप स्टॉपला, म्हणजे चासीखालच्या रबरी ठोकळ्याला, टेकेल तिथलं त्याच दोन बोल्टमधलं अंतर मोज. पूर्ण दाबलेला शॉकअप त्याहून आखूड हवाच, नाहीतर बंप स्टॉपआधी तोच ठोकर खाईल. लोक ही दुसरी मोजणी सोडतात, म्हणून मुद्दाम सांगतोय.

प्रकाराचं म्हणशील तर सोलापूरचा उन्हाळा चाळिशीपार जातो. बार्शीकडच्या खराब रस्त्यांवर सतत पळवणार असशील तर मोनोट्यूब, म्हणजे एकाच नळीचा शॉकअप घे, उष्णता लवकर सोडतो. पण त्याच्या नळीला दगडाचा पोचा पडला तर पिस्टन अडकतो. शेतातल्या दगडधोंड्यांत हळू चालवायची असेल तर गॅसचा ट्विनट्यूब, म्हणजे नळीत नळी असलेला शॉकअप, माझ्या मते जास्त टिकाऊ.

मागे रोज माल असतो की गाडी रिकामीच फिरते, हे दुकानदाराला खरं सांग. भरल्या गाडीचे कडक पाटे (लीफ स्प्रिंग) आणि मऊ शॉकअप, ही जोडी कधीच जमत नाही.

पुढच्या चाकांकडचं काम झालं की चाकांची अलाइनमेंट लगेच कर.