तीरचिमणी, चंडोल आणि पळवलेला भारद्वाज

प्रश्न असा आहे: चिमणी, तीरचिमणी, चंडोल हे सगळेच पक्षी तपकिरी आणि एवढेएवढेसे, मग यांना वेगळी नावं हवीत कशाला, आणि 'चंडोल' हा शब्द आला कुठून?

माळावर काहीही भुर्रकन उडालं की कोणीतरी 'चिमणी गेली' म्हणतंच. चिमणा म्हणजे लहान, म्हणून लहान पाखरू ती चिमणी, हा बचाव ऐकून ऐकून कान किटले आहेत. तसं असेल तर मुंगीलाही चिमणी म्हणा. अहो, रंग नंतर बघा, आधी पाय बघा. चिमणी दोन्ही पायांनी टुणटुण उड्या मारते. चंडोल आणि तीरचिमणी एकेक पाऊल टाकत चालतात. मग चोच. चिमणीची आखूड, जाड, दाणे फोडायची. तीरचिमणीची बारीक, किडे टिपायची. तीरचिमणी अंगाने सडपातळ, शेपटी खालीवर हलवत राहणारी, आणि उडाली की शेपटीच्या कडेची फिकी पांढरी पिसं दाखवणारी. नावात चिमणी असली तरी ती धोबी पक्ष्याच्या कुळातली. (हा 'तीर' बाणाचा नव्हे, काठाचा, असं माझं मत. बाणवाल्यांनी तिचं ते खालीवर हेलकावे घेत उडणं एकदा बघावं.) चंडोल तिच्याहून भरीव, चोच जरा दणकट, आणि काही जातींच्या डोक्यावर तुरा. खरी फसवते ती सुगरणीची मादी, कारण पहिल्या नजरेत ती हुबेहूब चिमणीची मादी वाटते. चोच जास्त भक्कम आणि शेपटी जास्त आखूड दिसली, तर ती सुगरण.

चंडोल हिंदीत चंडूल, एवढ्यावर मी तो शब्द सोडतो. त्याचं हरवलेलं संस्कृत नाव जास्त मजेचं आहे: भरद्वाज! हो, तोच. आपण ज्या थोराड, काळ्या-तांबूस, 'कूप कूप' घुमणाऱ्या पक्ष्याला भारद्वाज म्हणतो आणि दिसला की शुभ मानतो, त्याच्या अंगावर हे नाव उसनं आहे. आपट्यांच्या संस्कृत कोशात भरद्वाज म्हणजे 'स्काय-लार्क', म्हणजे आपला चंडोल. संस्कृत-इंग्रजी कोशकार मोनियर-विल्यम्सही तेच सांगतो आणि फोड देतो ती भरत् अधिक वाज: वेग किंवा बळ वाहणारा. गात गात सरळ वर चढणारा, ठिपक्याएवढा होईपर्यंत आभाळात टिकून राहणारा चंडोल ज्याने पाहिलाय, त्याला ही फोड वेगळी समजवावी लागत नाही. झुडपातून झुडपात जड अंगाने कसाबसा उडणाऱ्या, खरं तर चालणंच पसंत करणाऱ्या पक्ष्याला ती लावून दाखवा! भागवताच्या नवव्या स्कंधातली 'भर द्वाजम्', दोघांपासून झालेल्याला पोस, ही फोड ऋषींच्या जन्मकथेसाठी झकास आहे. व्युत्पत्ती म्हणून तिला किंमत नाही.

विरोधक लगेच अमरकोश, म्हणजे जुना संस्कृत शब्दकोश, काढतात: 'व्याघ्राटः स्याद्भरद्वाजः'. व्याघ्राट म्हणजे वाघासारखा फिरणारा, आणि झुडपातून दबकत जाणारा तो आपला भारद्वाजच, असा त्यांचा युक्तिवाद. अर्धी ओळ वाचायची सवय अशी नडते. पुढचे शब्द आहेत 'खञ्जरीटस्तु खञ्जनः', म्हणजे धोबी; उघड्या जमिनीवर चालत चरणारा. चंडोलाला शोभणारं शेजार. शिवाय वाघाचे पट्टे कुठे शोधायचे? चंडोलाच्या पाठीवर पिवळसर तपकिरी रंगात गडद रेघा आहेत. मोठ्या भारद्वाजाच्या अंगावर एकही नाही. 'पिल्लाला असतात' म्हणणाऱ्यांना इतकंच विचारतो, तुम्ही मोराचं नाव लांडोरीवरून ठेवता का?

मग नाव सरकलं कसं? माझा तर्क पायाच्या मागच्या बोटावर उभा आहे. चंडोलाच्या या बोटाचं नख लांब आणि जवळजवळ सरळ असतं. भारद्वाजाचंही तसंच; त्याच्या 'सेंट्रोपस' या शास्त्रीय नावाचा अर्थच काटेरी पायाचा. जुन्या इंग्रजी पक्षिग्रंथांत तर त्याला चक्क 'लार्क-हील्ड कुक्कू' म्हणत, चंडोलाच्या टाचेचा कोकीळ! जे इंग्रजांच्या नजरेत भरलं ते आपल्या पारध्यांना दिसलं नसेल? टाच जुळली आणि नाव छोट्यावरून मोठ्यावर गेलं. कोशकारांना हे पटत नाही, कारण त्यांनी पक्ष्याचा पाय कधी हातात घेतलेला नाही.

हा, पण माळावर नखावरून ओळखायला जाऊ नका. काही तीरचिमण्यांचंही ते चांगलं लांब असतं. चाल आणि चोच, एवढंच बघा.